झोप नसन झाली

आमच्या गल्लीतल्या खांबावर पांढरा लाइट लागला त्या संध्याकाळी बायकांनी खांबाला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. मीही होते त्यात. आपलं पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झालं, आता गल्लीतही जिल्ह्यासारखा उजेड पाहिजे, असं पुरुष ऐटीत बोलत होते. खरं तर मागणी आम्हा बायकांचीच होती, कारण पावसाळ्यात नालीकाठी साप निघायचे आणि आधीचा पिवळा बल्ब असून नसल्यासारखा होता. नव्या लाइटखाली म्हाताऱ्या माणसाला तांदळातले खडे वेचता आले असते. त्या लाइटचं तोंड नेमकं आमच्या खिडकीकडे होतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. खोबरं वाटलं आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

घर म्हणजे दोन खोल्या आणि वर टिन. मागच्या खोलीत सासूबाई. पुढच्या खोलीत मी, माझा नवरा आणि आमची मुलगी, ती तेव्हा चौथीत होती. घर सासूबाईंच्या नावावर, सासरे मी लग्न करून येण्याआधीच गेले होते. नवरा पिकअप गाडी चालवायचा, सीझनमध्ये संत्र्याच्या क्रेट नागपूरला आणि एरवी मिळेल तो माल. मी गावाबाहेरच्या नर्सरीत संत्र्याची कलमं बांधायला जायचे. माहेर माझं मोहगावचं. दहावी केलेली, मराठी शाळेतली, आणि तोंडाने तिखट. लग्नात मावशीने नवऱ्याला सांगितलं होतं, पोट्टी चांगली हाय, फक्त बोलू द्या तिले. त्याने मान डोलावली होती. मान डोलवायला काही पैसे पडत नाहीत.

लाइट आल्यावर गल्लीची रात्रच मोडली. शेजारचा कोंबडा अर्ध्या रात्री बांग द्यायला लागला, आणि पुढच्या संक्रांतीच्या आत कोणीतरी त्याची भाजी केली. कोपऱ्यावरचे एक आजोबा पहाट झाली समजून दोनदा बकेट घेऊन नळावर जाऊन बसले. तान्ही लेकरं किरकिर करायची. आमच्या खोलीत तर भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता यायची. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पांढरं. खिडकी लावावी तर टिनाखाली जीव गुदमरायचा, उघडी ठेवावी तर लाइट उशाशी येऊन बसायचा. सकाळी उठलं की अंग कुटल्यासारखं वाटायचं आणि डोळ्यांत वाळू.

आणि याच दिवसांत नवऱ्याचा हात सुटला.

तसा तो आधीही उचलायचा. पण कधीमधी, आणि उचलल्यावर दोन दिवस खाली मान घालून वागायचा. आता तेही गेलं. पहिल्यांदा ताट गेलं, वरणभाताने भरलेलं, माझ्या कानाजवळून भिंतीवर. मग एका सकाळी चहा थंड झाला म्हणून कानाखाली अशी दिली की कानात शिट्टी वाजत राहिली आणि नर्सरीत मला बायकांचं बोलणं दुरून आल्यासारखं ऐकू येत होतं. मग गाडीचा पाना. टायर खोलायचा लोखंडी पाना त्याने मला मारला नाही, नुसता फेकला, असं तो नंतर सगळ्यांना सांगायचा. तो नुसता फेकलेला पाना माझ्या भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यात उतरून मला अर्धं घर लाल दिसलं. आमच्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर गोटमार होते, दोन काठांवरची माणसं एकमेकांना दगड मारतात, डोकी फुटतात आणि कोणी कोणाची तक्रार करत नाही. आमच्या घरी तो सण कोणत्याही वारी यायचा.

दवाखान्यात टाके घालताना सासूबाई म्हणाल्या, "वट्यावरून पडली जी." बोलायला मला तोंड होतं, पण तिथे ते उघडलं नाही.

नवरा दारू पीत नव्हता. पीत असता तर लोकांनी दारूचं नाव घेतलं असतं आणि सगळं सोपं झालं असतं. न पिणारा माणूस बायकोला मारतो म्हणजे काही तरी कारण असेलच, असं गल्लीला वाटायचं, आणि कारण तर रोज संध्याकाळी खांबावर पेटायचं. भिंतीपलीकडची शेजारीण माझ्यासोबतच नर्सरीत कामाला होती. पहिल्यांदा तीच म्हणाली, "झोप नसन झाली त्याची. लाइट किती येते तुमच्या घरात." मग सासूबाई म्हणायला लागल्या. मग नवरा स्वतः. मारून झालं की ओट्यावर बसायचा, दोन्ही हातांनी डोकं धरायचा आणि म्हणायचा, "मी झोपूनच नाई राहिलो. डोकं फुटून राहिलं माहं. तू समजून काऊन नाई घेत?" मार मी खायचा आणि समजून पण मीच घ्यायचं.

आणि मी घेतलं. खोटं कशाला सांगू, मला ते कारण आवडलं होतं. नवरा वाईट आहे, यापेक्षा लाइट वाईट आहे, हे मनाला बरं वाटतं. लाइटवर उपाय असतो.

त्याला डॉक्टरकडेही नेलं, कारण गाडीवर त्याला डुलकी लागायला लागली होती आणि घाटात एकदा गाडी रस्ता सोडून खाली उतरली होती. डॉक्टर तरुण होता, शांतपणे ऐकणारा. म्हणाला, रात्री डोळ्यांवर पांढरा उजेड पडत राहिला की शरीराला रात्र झाल्याचं कळत नाही, झोप लागली तरी कच्ची लागते, आणि कच्च्या झोपेने माणूस चिडका होतो. खोलीत अंधार करा. तो बोलला ते अक्षर न् अक्षर खरं होतं. पण तो झोपेबद्दल बोलला होता. मारण्याबद्दल त्याला कोणी विचारलंच नव्हतं. ते दोन्ही आम्ही घरी येऊन जोडलं.

शेजारीण तर हे ऐकून खूश झाली. त्या दिवशी आम्ही नर्सरीत डोळे बांधत होतो. हे काम असं असतं: जंबेरीचं रोप घ्यायचं, तो आंबट लिंबाच्या जातीचा रानटी खुंट, सालीला चाकूने चीर द्यायची, आत संत्र्याच्या फांदीचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. बांधता बांधता ती म्हणाली, "बाई, संत्र्याचं पाणी तोडून झाडाले आराम देते का नाई आपण? आराम भेटला का कसा बहार येते मंग. मानसाले काऊन नाई येणार? झोपू दे त्याले पोटभर, बघ कसा फुलते." आम्ही संत्र्याच्या मुलखातल्या बाया. आम्हाला नवराही झाडासारखाच दिसतो: खतपाणी चुकलं असेल, ऊन जास्त झालं असेल, आराम कमी पडला असेल. झाड मुळातच कोणतं आहे, हे विचारायचं राहून जातं.

पडदा लावला तर हवा बंद व्हायची, म्हणून मी माझ्या कामातलाच उपाय काढला. नर्सरीत कोवळ्या रोपांवर हिरवी शेडनेटची जाळी असते. मालकाकडून जुनी जाळी मागून आणली. बांबूची चौकट केली, तिच्यावर जाळीचे पदर एकावर एक घातले, कलमाच्या पट्ट्यांनी करकचून बांधले, आणि ती चौकट खिडकीबाहेर तिरपी टांगली, वरून छपरासारखी. उजेड अडला आणि खालून हवा येत राहिली. सासूबाई आत-बाहेर जाऊन पाहून आल्या आणि म्हणाल्या, "डोकं हाय तुले." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा चांगलं म्हटलं. मी दिवसभर त्याच आनंदात होते.

खोली काळोखी झाली आणि नवरा झोपला. झोपला म्हणजे काय, लाकूड पडावं तसा पडला. सकाळी त्याच्या गालावर चादरीच्या घड्या उमटलेल्या असायच्या. जेवताना बोलायला लागला, मुलीसाठी एकदा नागपूरहून जरीची रिबन आणली. गल्लीत माझं नाव झालं. दोन बाया चौकट बघायला आल्या, कशी बांधली ते शिकून गेल्या. मीही मोठेपणाने सांगत सुटले की पुरुषाला दोष देण्याआधी त्याच्या झोपेकडे बघावं. आज ते आठवलं की माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं, पण ते काम दुसऱ्याने भरपूर करून ठेवलेलं आहे.

पोळा झाला, नदीवरचे दगड झाले. त्यानंतरची एक सकाळ. नवरा रात्रभर घोरला होता. मी उठले, पाणी भरलं, डबे केले, तरी तो घोरतच होता. ऊन ओट्यावर आल्यावर उठला. आळस दिला, तोंड धुतलं, चहा प्यायला, आरशात पाहून भांग पाडला. मी म्हटलं, अजी, आज नर्सरीत काम जास्त हाय, यायला उशीर होईन. त्याने फणी खाली ठेवली. सावकाश. माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि माझं तोंड भिंतीवर आपटलं. एकदा आपटून थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आपटलं. दाताने ओठ आरपार फाटला. आणि मला दुखण्याच्या आधी जे दिसलं ते त्याचे डोळे होते. पांढरे स्वच्छ, ताजे. त्यांत कुठे लाल रेघ नव्हती. झोप झालेल्या माणसाला जास्त ताकद असते, ही गोष्ट मला डॉक्टरने सांगितली नव्हती.

तो भांग नीट करून गाडीवर गेला. मी ओठावर फडकं दाबून सासूबाईंसमोर बसले.

त्या सवयीने म्हणाल्या, "झोप नसन झाली."

"झाली होती," मी म्हटलं. "घोरून राहिले होते. तुमच्या खोलीत आवाज येत होता का नाई?"

त्यांनी लसणाची टोपली पुढे ओढली.

"आणि मले सांगा आई, लाइट काय त्याच्याच डोळ्यावर पडत होता? मी काय अंधारात झोपत होती? माही पण झोप गेली होती. तुमची गेली होती. पोरीची गेली होती. आपण कोणाचं डोकं फोडलं?"

सासूबाई लसूण सोलत होत्या. सोलतच राहिल्या. लसणाची सालं वाऱ्याने खोलीभर झाली तरी त्यांनी वर पाहिलं नाही. मला त्यांचा इतका राग आला की ती लसणाची टोपली लाथाडावीशी वाटली. लाथाडली नाही. नर्सरीत गेले, फाटलेल्या ओठाने. शेजारणीने पाहिलं आणि ती काही बोलणार तेवढ्यात मी म्हटलं, "नाव नको घेऊ लाइटचं." त्या दिवशी आमचं काम जंबेरीचे फुटवे काढायचं होतं. कलम बांधल्यावर खालच्या खुंटातून फुटवे येतात, ते खुडले नाहीत तर झाड जोमाने वाढतं, हिरवंगार दिसतं आणि आंबट फळं देतं. मी रागाने खुडत गेले. शेजारणीने जेवताना माझ्यासाठी भात कालवून मऊ करून दिला.

मी तरीही काही केलं नसतं, हे इथे सांगितलं पाहिजे. ओठ भरून आला असता आणि मी दुसरं कारण शोधलं असतं. आम्हा बायकांच्या अंगात कारणं शोधायची फार चिकाटी असते. पण मुलीच्या शाळेतून निरोप आला. बाई म्हणाल्या, मुलगी वर्गात झोपते. हाक मारली तर दचकून उठते आणि दोन्ही हात डोक्यावर धरते.

मला वाटलं अभ्यासाचा कंटाळा असेल. संध्याकाळी तिच्या डोक्याला तेल लावत विचारलं. "खोलीत आता अंधार असते ना, मंग झोप काऊन नाई येत तुले?"

ती म्हणाली, "अंधार असते म्हणूनच नाई येत."

"भेव वाटते?"

"आधी लाइटमध्ये बाबाचा हात दिसे. कुठं हाय ते. उशीखाली असला का मी झोपून जात होती. आता दिसत नाई, तर मी ऐकत राहते."

माझा तेलाचा हात तिच्या केसांतच राहिला. इतके दिवस मी एका माणसाच्या झोपेसाठी जाळ्या बांधत होते. मुलीची झोप मी माझ्या हाताने, कलमाच्या पट्टीने, गाठी मारून बांधून टाकली होती. ती रडतही नव्हती. पाढे म्हणून दाखवावेत तसं सांगत होती. मी तिची वेणी घातली, हात धुतले आणि बाहेर जाऊन चौकट खाली काढली.

दिवस मावळत होता. गल्लीत सगळे बाहेर होते, बाया ओट्यावर, पुरुष खांबाजवळ. मी चौकट भिंतीला टेकवून ठेवली आणि तेवढ्यात लाइट लागला, आणि तेवढ्यात नवऱ्याची गाडीही आली. त्याने खिडकीकडे पाहिलं.

"जाळी काऊन काढली?"

"पोरीले झोप येत नाई."

"अन् माह्या झोपेचं काय?"

"तुमची झोप झाली असो का नसो, मारता तर तुम्ही दोन्हीकडून."

पुढचं फार पटकन झालं. त्याने मला केसांना धरून ओट्यावरून खाली ओढलं. माझा गुडघा पायरीच्या कडेवर फुटला. मग लाथ, बरगडीत. मग चौकट उचलून त्याने माझ्या पाठीवर आपटली, ती मोडली, आणि तो जाळीत गुंतलेला बांबू सोडवायला लागला, दुसऱ्यांदा मारायला. सगळी गल्ली उभी होती. लख्ख उजेड होता, माझ्या नखातली माती दिसत होती. आणि खांबाजवळून एक जण शांतपणे म्हणाला, "जाऊ द्या जी, झोप नसन झाली त्याची."

ते ऐकलं आणि माझ्या आत काही तरी तुटलं नाही, उलट बसलं. जागेवर बसलं. चौकटीचा दुसरा बांबू माझ्या हाताजवळ पडला होता. मी उठले आणि तो त्याच्या मनगटावर मारला, पूर्ण जोर लावून, जसा वाळलेल्या फांदीवर मारतात. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या अंगातून ऐकला. तो माझ्याकडे पाहत राहिला, त्याला दुखण्याच्या आधी नवल वाटत होतं. दुसरा फटका मी खांद्यावर मारला. तिसरा मारायला हात वर केला, तेव्हा तो मातीत बसला होता, हात पोटाशी धरून, आणि आईला हाक मारत होता. मग मी नाही मारला. दया आली म्हणून नाही. दम लागला होता.

आणि आता गल्ली धावली. मला धरायला माणसं आली, इतकी वर्षं जागेवर उभी असलेली. एक म्हातारा म्हणाला, "नवऱ्याले मारते का वो कोणी? येडी झाली का तू?"

मी म्हटलं, "माही झोप नाई झाली जी. लाइट किती येते घरात."

फक्त शेजारीण हसली. तोंडावर पदर घेऊन हसता हसता ती रडायला लागली, आणि मग तिने येऊन माझ्या हातातला बांबू काढून घेतला आणि माझ्या गुडघ्यावर पाणी ओतलं.

नवऱ्याला प्लास्टर लागलं. तो लोधीखेड्याला बहिणीकडे गेला. लोकांनी मला नावं ठेवली, ती मी मोजली नाहीत. माझ्या बरगडीला महिनाभर श्वास घेताना कळ यायची. रात्री पांढरा लाइट थेट तोंडावर यायचा, तरी मुलगी हातपाय पसरून झोपायची, आणि मी तिच्याकडे बघत जागी राहायचे. मला एकच भीती होती. घर सासूबाईंचं. मुलगा त्यांचा एकुलता एक. त्यांनी दार उघडलं की तो पुन्हा त्या खोलीत, त्या मुलीच्या शेजारी झोपणार होता, आणि मी मुलीला घेऊन कुठे जाणार होते, मोहगावला भावजयीच्या दारात? सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. त्यांच्या मनात काय आहे ते मला समजत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती.

प्लास्टर निघाल्यावर त्याचा फोन आला, माझ्या मोबाइलवर, पण आईशी बोलायला. सासूबाई दारात बसल्या होत्या. मी फोन त्यांना दिला आणि तिथेच उभी राहिले. त्याचा आवाज मला फोनबाहेरही ऐकू येत होता. तो म्हणत होता की त्याचं चुकलं, पण चूक सारी त्या लाइटची आहे, तिला म्हणा जाळी पुन्हा लाव, मी आज येतो, झोप नीट झाली की काहीच होणार नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग फोन तोंडासमोर धरून, जणू तो बहिरा आहे असं, मोठ्याने म्हणाल्या, "तुह्या बापाच्या टायमाले या गल्लीत खांबच नोता. सारा अंधार होता. तवा मले मार काऊन पडे रे?"

मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. तो बंद कसा करायचा, ते त्यांना येत नव्हतं.